राखेच्या रंगाचा दोर

त्या दिवशी आभाळ चुलीतल्या राखेसारखं होतं. ऊन नव्हतं आणि सावलीही नव्हती. वारा पडला होता. ऐनाच्या झाडाचं एक पान हलत नव्हतं, आणि नदीच्या कोरड्या वाळूत बगळे पंख ढिले सोडून उभे होते. पाऊस येईल असं कोणाला वाटत नव्हतं. बगळ्यांनाही वाटत नसावं.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती वर्षं, ते मला सांगता यायचं नाही. माझ्या आज्याच्या आज्यानं डोमाला पाहिलं नव्हतं, पण ज्यानं डोमाला पाहिलं होतं असा एक म्हातारा त्यानं पाहिला होता, असं म्हणतात. एवढं जवळचं आहे म्हणा, नाहीतर एवढं लांबचं.

वैनगंगेला एक लहान नदी मिळते. तिच्या काठी करंजटोला नावाचं ढिवरांचं गाव. पावसाळ्यात जाळं टाकायचं, मासे धरायचे, आणि बाकीच्या दिवसांत रानातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसायच्या. अळी पानं खाते, मग स्वतःभोवती कोसा बांधते, त्या कोशाचं रेशीम निघतं. गाव एका हातानं पाण्यातलं खायचं आणि दुसऱ्या हातानं झाडावरचं.

गावाच्या खाली नदीला एक डोह आहे. त्याला मायडोह म्हणतात. उन्हाळ्यात सगळी नदी आटली तरी मायडोह आटत नाही. नदीतले मासे सरकत सरकत तिथं येऊन राहतात, आणि पुढच्या पुराला तिथूनच अंडी सोडायला वर चढतात. म्हणजे डोह ही नदीची कणगी. तिच्यातलं बियाणं खायचं नाही. म्हणून जुन्या लोकांनी नेम घातला होता, की मायडोहात जाळं टाकायचं नाही. फार भूक लागली तर गळ टाकावा, आणि घरटी एक मासा काढावा.

त्या वर्षी फार भूक लागली होती. आधीचं वर्ष कोरडं गेलं होतं आणि या वर्षी आषाढ अर्धा झाला तरी नदी वाहिली नव्हती. सगळं गाव महिनाभर डोहात गळ टाकत होतं. पहिले आठ दिवस मासे लागले. मग मासे शहाणे झाले. गळाला लावलेल्या मोहफुलाच्या गोळ्याजवळ यायचे, वास घ्यायचे, आणि वळून जायचे. पाण्यावर त्यांच्या पाठी दिसायच्या. गळाला काही यायचं नाही.

तर त्या राखेच्या आभाळाच्या दिवशी झिंगरू दोन टोपल्या घेऊन डोहाकडे निघाला. टोपल्यांत गेळाची फळं होती. गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकली की पाणी कडू होतं, मासे गुंगतात आणि पोट वर करून तरंगतात. लहान, मोठे, अंड्यांनी भरलेले, सगळे. एका दिवसात डोह रिकामा.

झिंगरू वाईट माणूस नव्हता. गावात सगळ्यांत मोठं जाळं त्याचं आणि सगळ्यांत मोठा आवाजही त्याचाच. त्याची लेक रेवता बाळंतपणाला माहेरी आली होती. नातू झाला होता, पण रेवताच्या अंगावर दूध नव्हतं. खायलाच नव्हतं तर दूध कुठून येणार? आधी पोर रडायचं ते अख्ख्या गावाला ऐकू यायचं. दोन दिवसांपासून ऐकू येईनासं झालं होतं.

वाटेत डोमा आडवा आला. डोमा त्याचा शेजारी. दोघांच्या घरांची मधली भिंत एकच. तो अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि हातानं दोर वळणारा. गावात कोणालाही दोर लागला की डोमाकडे यायचे.

"झिंगरू, टोपल्या खाली ठेव गा," डोमा म्हणाला.

"बाजूले हो. माझ्या घरातलं पोरगं आता रडत बी नाई. तुले भिंतीपलीकडून ऐकू येते ना? का ऐकू येत नाई, ते ऐकू येते?"

डोमानं टोपलीवर हात ठेवला. मग म्हणाला, "पाच दिवस दे. गळानं मासा काढून देतो. नाई निघाला तर मी सोता फळं ठेचू लागतो."

गावातली चार माणसं जमली होती. त्यांनी मान हलवली. झिंगरूनं टोपल्या डोहाच्या काठी दगडावर ठेवल्या. म्हणाला, "पाचव्या दिवशी सूर्य बुडला का ह्या पाण्यात जातील. मंग मी तुयं बी ऐकणार नाई, देवाचं बी नाई."

तिथून पाच दिवस मोजले गेले.

पहिल्या दिवशी डोमानं घरातले सगळे दोर काठावर मांडले. अंबाडीचा जाड दोर होता. तो ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काळा केलेला. आमच्याकडे सगळे तसाच करत. डोहाचं पाणी काळं दिसतं, मग दोरही काळा असावा म्हणजे माशाला दिसत नाही, असा हिशेब. डोमानं तो टाकला. मासे आले आणि वळले. मग कापसाचा दोर टाकला, मेण लावलेला. तो पांढरा पाहून मासे लांबूनच पळाले. मिठाच्या व्यापाऱ्याच्या घोडीच्या शेपटीचे केस त्यानं कधीतरी मागून ठेवले होते. ते तीन-तीन एकत्र वळून टाकले. केस बारीक होता, पण पाण्यावर तरंगत राहिला आणि त्याची रेघ दिसत राहिली.

दिवसभर तो एक दोर काढायचा, दुसरा बांधायचा, बोटांत धरून पाहायचा, पुन्हा टाकायचा. झिंगरू दगडावर टोपल्यांशेजारी बसून बघत होता.

"डोमा, माशाले लेक देऊन राहिला का गा? इतकं पाहणं तर जावई पाहताना बी नाई केलं तू."

लोक हसले. डोमाही हसला. म्हणाला, "जावयानं नाई म्हटलं तर दुसरा भेटते. हा मासा नाई म्हणून राहिला, त्याचं काऊन ते तरी समजलं पायजे."

दुसऱ्या दिवशी डोमानं दोर घरीच ठेवले. कमरेला एक मोठा धोंडा बांधला आणि डोहात उतरला. त्याची बायको कौतिका काठावर बसून राहिली. डोमा पाण्याखाली गेला तेव्हा गुरं रानात जात होती, आणि वर आला तेव्हा गुरं घरी परतत होती, असं म्हणतात. मधे त्यानं श्वास कुठून घेतला ते नदीला ठाऊक. काही जण सांगतात की त्याच्या तोंडात बोरूची पोकळ काडी होती. काही जण सांगतात की नव्हती. मला विचाराल तर माणूस काही समजून घ्यायला खाली बसला की पाणी त्याला थोडं जास्त सांभाळून घेत असेल.

डोहाच्या तळाला तो मांडी घालून बसला. आधी मासे दूर राहिले. मग एक एक करून जवळ आले. त्यांत एक फार मोठी रोहू होती. तिच्या पाठीवर शेवाळ उगवलं होतं आणि एक डोळा कवडीसारखा पांढरा होता. गाव तिला बुढी म्हणायचं. ती येऊन डोमाच्या गुडघ्याशी थांबली, एखादी म्हातारी अंगणात येऊन टेकते तशी. आणि डोमानं ती बघत होती तिकडे बघितलं. वर.

वर काळं पाणी नव्हतंच. वर आभाळ होतं. गोल, थाळीएवढं, राखेच्या रंगाचं. आणि वरून सोडलेला प्रत्येक दोर त्या थाळीवर काळा कुट्ट दिसत होता, पांढऱ्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढावी तसा.

वर आल्यावर डोमाचे हातपाय गारठून पांढरे पडले होते. कौतिकेनं लुगड्याच्या पदरानं त्याचं डोकं पुसलं. तो दात वाजवत म्हणाला, "आपन वरून पाहतो, कौतिका. म्हणून दोर पान्याच्या रंगाचा करतो. मासा खालून पाहते. त्याच्या डोळ्यापुढे दोराच्या मागं आभाळ असते."

"मंग?"

"मंग दोर आभाळाच्या रंगाचा पायजे. आन इतका बारीक पायजे का पान्याले बी समजू नये."

असा दोर कशाचा होईल हे कौतिकेला नवऱ्याच्या आधी कळलं. त्यांच्या घरात आढ्याला बेचाळीस कोशांची माळ टांगलेली होती. ते बियाण्याचे कोसे होते. पहिल्या पावसाला त्यांतून फुलपाखरं निघतात, अंडी घालतात, आणि त्या अंड्यांतून वर्षाचं पीक उभं राहतं. रेशीम काढायचं तर कोसा उकळावा लागतो, आणि उकळला की आतला जीव मरतो.

घरी आल्यावर ती माळेखाली उभी राहिली.

"हे बियाणं हाये," ती म्हणाली.

"डोहातलं बी बियाणंच हाये," डोमा म्हणाला.

"तुमी त्याच्यासाठी झिंगरूसंगं भांडले. माझ्या बियाण्यासाठी कोण भांडनार?"

भिंतीपलीकडून आवाज येत नव्हता. दोघंही तो न येणारा आवाज ऐकत राहिले. मग कौतिकेनंच माळ खाली काढली. त्यातले दोन कोसे बाजूला ठेवले, एक मोठा आणि एक लहान. मोठ्यातून मादी निघते आणि लहानातून नर, असं आमच्या बाया हातानं ओळखतात. ते दोन तिनं तांदळाच्या रिकाम्या मडक्यात ठेवले आणि बाकीचे चाळीस चुलीवरच्या भांड्यात टाकले. पाण्यात चुलीतलीच राख कालवली. राखेनं कोसा मऊ होतो, आणि राखेनंच सुताला रंग चढला. बाहेर जसं आभाळ होतं अगदी तसा.

तिसरा आणि चौथा दिवस कौतिकेनं दारात बसून सूत काढलं. आमच्याकडे कोशाचं सूत चाकावर काढत नाहीत. बाई एक पाय पसरून बसते आणि मांडीवर तळव्यानं तंतू घोळून घोळून सूत वळते. कौतिकेची मांडी सोलून निघाली, असं म्हणतात. डोमा तिच्या हातातलं सूत घेऊन दोर वळत गेला. तो ओढून बघायचा, बोटानं छेडायचा, कानाशी धरायचा. त्या दोन दिवसांत कौतिकेनं आपल्या वाट्याची आंबील भिंतीवरून रेवताला दिली. झिंगरूनं वाटी घेतली, पण मान वर करून बघितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सगळं गाव डोहावर आलं. दोर डोहाला दोन वेढे बसतील एवढा लांब झाला होता, आणि बाजरीच्या दाण्यातून ओवता येईल एवढा बारीक.

झिंगरूनं तो चिमटीत धरून बघितला. "याच्यानं चिमणी तरी बांधता येईन का रे? बुढीनं शेपटी हलवली तर तुटते."

"ओढला तर तुटते," डोमा म्हणाला. "मी ओढनार नाई."

त्यानं आधी आभाळाकडे पाहिलं. ते अजून राखेसारखंच होतं. दोर त्याच्यापुढे धरला. तो दिसेना. मग गळाला गोळा लावून अलगद पाण्यात सोडला.

सूर्य हातभर वर आला असेल नसेल, आणि दोर चालू लागला. झटका नाही, हिसका नाही. आपलं काम आठवलेलं माणूस उठून चालू लागतं तसा. डोमानं मूठ सैल सोडली. दोर जाऊ लागला तसा तोही काठाकाठानं चालू लागला. मासा थांबला की डोमा थांबायचा. मासा दमला की हातभर दोर हळूच घ्यायचा. पुन्हा निघाला की पुन्हा सोडायचा. लोक म्हणत होते, ओढ, ओढ. तो ऐकत नव्हता. त्यानं डोहाला सात फेऱ्या घातल्या, असं म्हणतात. वाळूत त्याच्या पायांची वाट पडली. ती वाट पुढं किती पूर आले तरी बुजली नाही. आजही दिसते.

सातव्या फेरीला मासा उथळ पाण्यात आला. डोमाच्या गुडघ्याशी येऊन थांबला. पाठीवर शेवाळ, एक डोळा पांढरा. बुढीच होती. एवढी मोठी, की सगळ्या गावाला दोन दिवस पुरली असती. लोकांनी जोरात आरोळी दिली. डोमानं तिच्या पोटाखाली हात घातला आणि त्याचा हात तिथंच राहिला. पोट गच्च भरलेलं होतं. अंडी.

त्यानं गळ सोडवला, आणि हात खाली घेतले. बुढी क्षणभर तिथंच राहिली. मग गेली.

आता असं कोणी केलं तर काय होईल, तुम्हीच सांगा. लोक शिव्या देऊ लागले. झिंगरूनं टोपली उचलली आणि दगडावर आपटली. गेळाची फळं गडगडत पाण्याच्या काठाशी गेली. "माझ्या नातवाच्या तोंडातलं सोडलं तू!" तो ओरडला. "पाह्यलं का सगळ्यायनं? हातात आलेलं सोडलं!"

डोमा ओरडला नाही. म्हणाला, "सूर्य बुडाला नाई अजून. पाचवा दिस बुडेपर्यंत, असं तूच म्हटलं. तो पुरता तरी होऊ दे."

आणि त्यानं पुन्हा गळ टाकला.

हे सांगायला सोपं आहे, दोस्तहो. तिथं उभं राहायला सोपं नव्हतं. दुपार झाली. लोक एक एक करून सावलीला गेले. आभाळ मधेच थोडं फाटलं आणि ऊन आलं, तसा डोमानं गळ काढून घेतला आणि नुसता बसून राहिला. लोकांना वाटलं, हरला. तो आभाळाची वाट बघत होता. उन्हात राखेचा दोर दिसतो, हे त्याला कळलं होतं. तिसऱ्या प्रहरी ढग पुन्हा जुळले. त्यानं गळ टाकला, आणि सूर्य ऐनाच्या झाडांमागे गेला तेव्हा दोर पुन्हा चालू लागला.

या वेळी तीनच फेऱ्या झाल्या. मासा हातभर होता. नर होता, पोटात अंडी नव्हती. डोमानं तो पाण्यातून काढला, झिंगरूसमोर नेऊन धरला आणि एवढंच म्हणाला, "रेवताले पातळ कालवण करून दे. तिखट टाकू नको."

झिंगरूनं मासा घेतला. त्या संध्याकाळी रेवता जेवली. आणि दोन दिवसांनी भिंतीपलीकडून पोराचं रडणं आलं, एवढं जोरात, की कौतिका चुलीपुढून उठली आणि हसत हसत रडली.

झिंगरूनं गेळाची फळं गोळा करून लांब रानात पुरली. मग डोमानं घराघराला बारीक दोर वळायला शिकवलं. उन्हाचा वेगळा, ढगाचा वेगळा, पुराच्या गढूळ पाण्याचा वेगळा. रोज घरटी एक मासा मिळू लागला, आणि आषाढाच्या शेवटी नदी वाहिली तेव्हा मायडोह भरलेला होता. बुढी पुराबरोबर वर गेली. त्या वर्षी नदीत एवढी पिल्लं झाली की पाणी भरायला गेलेल्या बायांच्या घागरीत मासे यायचे, असं म्हणतात. आणि कौतिकेच्या मडक्यातल्या दोन कोशांतून एक नर निघाला आणि एक मादी. त्यांची अंडी झाडांवर ठेवली तर पुढच्या हंगामाला रानातल्या सगळ्या ऐनांना कोसे लटकले.

त्यानंतर डोमा पुष्कळ वर्षं जगला. रोज सकाळी तो डोहात उतरायचा, खालून आभाळ बघायचा, आणि वर येऊन आज कोणता दोर घ्यायचा ते गावाला सांगायचा. कौतिका गेली, तरी त्याचा नेम चुकला नाही. शेवटी शेवटी त्याला वरून नीट दिसत नसे. खालून दिसतं म्हणायचा.

एका सकाळी तो उतरला आणि वर आला नाही. लोकांनी शोधलं. काही सापडलं नाही. त्या दिवशीही आभाळ राखेसारखं होतं.

आता तुम्ही करंजटोल्याला गेलात, तर बघा. मायडोहात आजही कोणी जाळं टाकत नाही. गळाला अंड्यांची मादी लागली तर सोडून देतात, आणि लहान पोरंसुद्धा तिला डोमाची म्हणतात. पावसाळ्याआधी प्रत्येक घरातली बाई मांडीवर हातभर सूत वळते आणि काठावरच्या ऐनाला बांधते. कोसे उकळताना दोन बाजूला ठेवतात, एक मोठा, एक लहान. आणि सकाळी पहिला गळ टाकणारा माणूस, तो कोणीही असो, आधी गुडघाभर पाण्यात जातो, ओणवा होतो आणि पाण्याला तोंड लावून एक गोष्ट विचारतो. मग उत्तर आल्यासारखा जरा थांबतो आणि दोर निवडतो.

ते विचारणं झिंगरूचं आहे. डोमा वर आला नाही त्या दिवशी सगळे घरी परतले. म्हातारा झिंगरू एकटा काठावर राहिला. त्याच्या खांद्यावर डोमानं वळून दिलेले तीन दोर होते, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे त्याला कळत नव्हतं. तो हळूहळू पाण्यात गेला, वाकला, आणि जन्मभराचा मोठा आवाज अगदी लहान करून म्हणाला, "डोमा, खालून आभाळ कसं दिसते गा आज?"